घोड्याखालचं रिकामं घर

१

गॅरेट स्लोन स्वयंपाकघरात पालथा पडला होता. त्याच्या डोक्यावरच्या ओट्यावर बाळाच्या दुधाच्या बाटल्या धुऊन उपड्या घातलेल्या होत्या. शेवटची बाटली मात्र नळाखाली तशीच होती, साबणाच्या फेसासकट. तो लेकीची बाटली घासत असताना कुणीतरी त्याच्या पाठीत गोळी घातली होती.

रिव्हॉल्व्हर फ्रिजवर सापडलं, बिस्किटांच्या डब्याशेजारी, नीट ठेवलेलं. नळीला अजून जळका वास येत होता.

शेरीफच्या हाताखालची पोलीस अधिकारी विल्मा टॅकेट बाहेर आली, तेव्हा पायऱ्यांवर गॅरेटची बायको डेल्फी बसलेली होती. बावीस वर्षांची पोर. पायात एकच चप्पल. ती रडत नव्हती, नुसती मागच्या दाराकडे बघत होती. शेरीफ मलिन्सने तिला गाडीत बसवायला सांगितलं होतं, पण कुणाचाच हात पुढे होत नव्हता. तिची आठ महिन्यांची हॅटी व्हर्जिलकाकांच्या खांद्यावर होती. दात येत होते तिला. त्यांच्या सदऱ्याची कॉलर तोंडात धरून ती चोखत होती.

व्हर्जिल स्लोन गॅरेटचे सख्खे काका. पोराचा बाप खाणीत मेल्यावर त्यांनी आणि ओपलकाकूंनीच त्याला वाढवलं. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा, गोड बोलणारा म्हातारा. ॲम्ब्युलन्सच्या मागोमाग त्यांचा ट्रक आवारात शिरला होता.

"एवढ्या लवकर कसं कळलं तुम्हाला?" विल्माने विचारलं.

"पोलिसांचा रेडिओ, बाई. या खोऱ्यात कुणाच्या घरी तो चालू नसतो? पत्ता ऐकला आणि काळीज थांबलं माझं."

ते खरंच होतं. या डोंगरांत लोक टीव्हीपेक्षा पोलिसांचा रेडिओ जास्त ऐकतात. कुणाचा ट्रक घसरला, कुणाच्या पोराला पकडलं, सगळं शेगडीपाशी उभ्या उभ्या कळतं.

ट्रकच्या मागच्या फळीवर ओपलकाकूंनी काचेचं भांडं मांडलं होतं. किसलेले बटाटे, चीज, आंबट साय, वर कॉर्नफ्लेक्सचा चुरा खरपूस तांबूस झालेला. मयताच्या घरी इथे रिकाम्या हाताने कुणी येत नाही. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी लावून त्यावर नाव लिहायचं, म्हणजे नंतर ते धुऊन परत मिळतं.

"दोन घास खा गं पोरी," ओपलकाकू विल्माला म्हणाल्या. रडून त्यांचे डोळे सुजले होते. "सांभाळून, भांडं भाजेल हाताला."

शेरीफ आधीच कागदी बशी भरून घेऊन उभा होता. आत माणूस पडलेला आणि याच्या मिशीला चीज लागलेलं. विल्माने बशी घेतली, पण खाल्लं नाही.

"सरळ प्रकरण आहे," मलिन्स घास गिळत म्हणाला. "रिव्हॉल्व्हर तिचं. घर तिचं. परवाच दोघं दुकानासमोर कडाक्याने भांडले. उद्या सकाळी जज बाळाचं ठरवतील. काका-काकू आहेतच."

डेल्फीमागे गाडीचं दार लागलं तसं हॅटीने मान वळवली. आई दिसेना, तेव्हा तिने पहिल्यांदा भोकाड पसरलं.

२

कोठडीत डेल्फीला नारिंगी कपडे दिले होते. छातीवर दोन ओले डाग पसरत होते. बाळाची पाजायची वेळ टळून गेली होती आणि ते अंगाला कळत होतं, कोठडीला नाही. विल्माची धाकटी आत्ता कुठे अंगावरची सुटली होती. तिने स्वतःचं जाकीट काढून डेल्फीला दिलं.

"मी मारलं नाही त्याला."

"मग कुठे होतीस?"

"हॅटी दातांपायी किरकिर करत होती. तिला ढकलगाडीत घालून चर्चच्या रस्त्याने वर नेलं, चांगले दोन तास. तिथे कुणी नसतं. परत आले तर..." ती थांबली. "लगेच फोन केला मी. एक वाजून गेला होता."

"बार ऐकला?"

"खारींच्या शिकारीचे दिवस आहेत, ताई. दिवसभर बारच ऐकू येतात."

"भांडण कशावरून झालं?"

डेल्फीने जाकिटाची टोकं मुठीत धरली. "गॅरेट गोळ्यांच्या व्यसनातून सुटला होता. दुखण्यावरच्या त्या गोळ्या. हॅटी झाल्यापासून एकही घेतली नाही. तो म्हणत होता, सोमवारी शेरीफकडे जातो आणि मला गोळ्या कोण विकायचं ते सांगतो. मी म्हटलं, कशाला आगीत हात घालतोस? बाळ आहे आपल्याला."

"नाव सांगितलं?"

"नाही. म्हणाला, नाव ऐकलं तर ओपलकाकू जागच्या जागी मरेल."

विल्माने विचारलं, "रिव्हॉल्व्हर का घेतलंस?"

"मागचं दार कुणीतरी लाथेने फोडलं होतं. काही नेलं नाही, नुसतं सगळं उचकून ठेवलं. गॅरेट रात्रपाळीला. मी आणि हॅटी दोघीच. व्हर्जिलकाका म्हणाले, चल, तुला एक परवडणारं घेऊन देतो. गॅरेटला कायद्याने बंदूक चालत नाही ना, त्याला शिक्षा झालेली. त्याने तर बोटही लावलं नाही त्याला. एकदा लावलं असतं तर पुन्हा आत."

"भरलेलं ठेवायचीस?"

"बाळाच्या घरात?" डेल्फीने मान वर केली. त्या सबंध दिवसात पहिल्यांदा तिला राग आला होता. "रिव्हॉल्व्हर फ्रिजवर, गोळ्या डायपरच्या खणात. काकांनीच सांगितलं तसं. मी एकदाच भरलं, दुकानात, दुकानदार लोवेलने शिकवताना. सहाच्या सहा."

विल्माने समोरचा रिव्हॉल्व्हरचा फोटो पुन्हा पाहिला. गोळ्या भरायच्या चक्रीला सहा घरं. एका घरात उडालेल्या गोळीचं रिकामं टरफल, चार घरांत जिवंत गोळ्या, आणि एक घर अगदी मोकळं. गोळी नाही, टरफल नाही, काहीच नाही.

मलिन्स म्हणाला होता, घाबरलेल्या बाईच्या हातून एखादी गोळी पडली असेल. पण विल्माने ते स्वयंपाकघर गुडघ्यांवर बसून शोधलं होतं. फ्रिजखाली हॅटीची चोखणी सापडली. गोळी कुठेच नव्हती.

३

लोवेल हॅचचं दुकान म्हणजे एका बाजूला मासे धरायचं आमिष, एका बाजूला आईस्क्रीम आणि मधोमध काचेखाली बंदुका. प्रत्येकीला दोऱ्याने किमतीची चिठ्ठी. बायकांसाठी गुलाबी मुठीची वेगळी रांग. 'पहिली घेणाऱ्या आईला टोपी मोफत.' भांड्यांच्या दुकानात कुकर बघावा तशी एक गरोदर बाई वाकून बघत होती आणि नवऱ्याला म्हणत होती, "ही हलकी आहे रे, पण हिचा रंग मळखाऊ नाही."

विल्माने खिडकीबाहेर पाहिलं. कमरेला तिच्याही बंदूक होती, आणि त्या क्षणी तिला तीही नको झाली.

"माझ्यावर काही घालू नका हं," लोवेलने आधीच हात वर केले. "मी त्या पोरीला नीट सांगितलं होतं. म्हटलं, बाई, तुमच्याकडे आहेत तेवढ्या पैशांत दोन गोष्टी बसतात. हे नवीन सोडा, एखादं स्वस्त, जुनं रिव्हॉल्व्हर घ्या आणि सोबत किल्लीची लोखंडी पेटी घ्या. रांगतं बाळ आहे, पेटी आधी, बंदूक नंतर. मी हा धंदा करतो, पण मला नातवंडं आहेत."

"मग?"

"म्हातारा म्हणाला, पेटीवर कशाला उधळायचं? बाळ काय फ्रिजवर चढतंय? त्यापेक्षा बंदूक जरा बरी घे. तिला पेटी पाहिजे होती. हातात घेऊन उभी होती. त्याने तिच्या हातातून काढून ती फळीवर परत ठेवली."

"व्हर्जिलकाका तर म्हणाले, ते मासिक वाचत बसले होते. बंदुकांतलं त्यांना काही कळत नाही."

लोवेल हसला. "असं म्हणाला? मी तिला पिस्तूल दाखवत होतो, तेव्हा लांबूनच म्हणाला, तिच्या मनगटात जोर नाही, वरचा भाग मागे ओढता येणार नाही तिला, सहाबारीच दे. न कळणारा माणूस असं बोलतो होय?"

"भरायला तुम्ही कसं शिकवलंत?"

"सहाच्या सहा घरं. हे नवीन पद्धतीचं आहे. चाप ओढल्याशिवाय मागचा हातोडीसारखा घोडा गोळीला टेकतच नाही. खाली पडलं तरी उडत नाही. भरा आणि विसरा."

मागे गरोदर बाई नवऱ्याला विचारत होती, गुलाबीवर काही सूट आहे का.

४

रस्टी ब्लेव्हिन्स गॅरेटचा जुना सोबती. दोघं एकत्रच गोळ्यांच्या नादी लागले, सुटला मात्र एकटा गॅरेट. दार रस्टीनेच फोडलं असं सगळं खोरं म्हणत होतं. तो गाड्या धुण्याच्या ठिकाणी कामाला होता आणि विल्माला बघून त्याने पाण्याची नळी तशीच सोडून दिली.

"मला पकडायला आलीस ना? पकड. लोकांचं जेवण पचेल."

"दार तू फोडलंस?"

"मी फोडलं असतं तर टीव्ही नेला असता ना, बाई! माझी काही इज्जत आहे की नाही?" तो हसला आणि लगेच त्याचा चेहरा पडला. "गॅरेट मला दर रविवारी जेवायला न्यायचा. त्याच्या घरात मी कशाला घुसू? दार वाजवलं तरी तो अंडी तळायला घ्यायचा."

"गोळ्या कोण देतं तुला?"

"ते विचारू नकोस." त्याची नजर डोंगराकडे, स्लोनांच्या उताराकडे गेली आणि झटकन परत आली. विल्माने ती पाहिली.

तिने खिशातून एक मोकळं रिव्हॉल्व्हर आणि सरावाच्या खोट्या गोळ्या काढल्या. "हे भर. तू भरशील तसं."

रस्टीने खांदे उडवले आणि सहाही घरं भरून दिली.

"कुणी पाचच का भरेल, रस्टी?"

"सहाबारीत पाच?" तो बुचकळ्यात पडला. "ते जुने लोक. घोड्यावरून फिरणारे. त्यांच्या त्या जुन्या बंदुका पडल्या की आपोआप उडायच्या. म्हणून बंदुकीच्या घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचे. आता कोण करतंय तसं? आपल्या वयाच्या कुणाला माहीतही नसेल."

विल्माने गाडीत बसून फोटो मांडीवर घेतला. चाप ओढला की चक्री एक घर पुढे सरकते आणि मगच घोडा पडतो. उडालेल्या टरफलाला लागूनच, चक्री ज्या बाजूला सरकते त्या बाजूला, ते मोकळं घर होतं. म्हणजे बार व्हायच्या आधी घोड्याखाली तेच होतं. गोळी हातून निसटली नव्हती. कुणीतरी पाचच घातल्या होत्या आणि रिकामं घर मुद्दाम बरोब्बर घोड्याखाली आणून चक्री बंद केली होती.

ते डेल्फीचे हात नव्हते. ते कुणातरी जुन्या, शहाण्या, सावध माणसाचे हात होते.

पण असे म्हातारे या परगण्यात कितीतरी. आणि सकाळी जज हॅटीला त्यांच्यातल्याच एकाच्या हवाली करणार होते.

५

दुसऱ्या दिवशी उजाडताच विल्मा स्लोनांच्या घरी पोचली. हातात ओपलकाकूंचं काचेचं भांडं होतं, घासून लख्ख केलेलं.

व्हर्जिलकाका हॅटीला घेऊन आधीच कोर्टात गेले होते. काकू मागून शेजारणीच्या गाडीने जाणार होत्या. त्यांनी चर्चचा निळा झगा घातला होता आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या हॅटीसाठी सफरचंद शिजवून कुस्करत होत्या.

"काय गं पोरी, भांडं द्यायला एवढी घाई? बस, कॉफी घे."

भिंतीवर एका मिशाळ म्हाताऱ्याचा फोटो होता. एक पाय बुटात, दुसरा फडक्यात गुंडाळलेला.

"हे कोण?"

"माझे सासरे." काकू पहिल्यांदा जराशा हसल्या. "स्वतःचंच रिव्हॉल्व्हर पायावर पडून दोन बोटं उडाली त्यांची. त्यानंतर पोरांना असा धाक घातला म्हणतेस! एक घर मोकळं ठेवलं नाही तर चाबूक. व्हर्जिल तर सहा वर्षांचा असल्यापासून. झोपेतसुद्धा चुकायचा नाही."

"गॅरेटला शिकवलं होतं का कुणी तसं?"

"छे! सासरे गेले तेव्हा गॅरेट जन्मलाही नव्हता. आणि व्हर्जिलने बंदूक सोडली, बाप्तिस्मा झाल्यावर."

विल्माने कपाला हात लावला नाही. "काकू, बटाटे फार छान झाले होते म्हणे. माझ्या सासूबाईही करतात. माझे मेले मधे कच्चेच राहतात."

"तू घाई करत असशील. चांगला तासभर ओव्हनमध्ये राहू द्यायचे. वर आणखी थोडा वेळ, चुरा तांबूस व्हायला. मी कधी घाई करत नाही."

"घरीही करता का नेहमी?"

"नाही गं बाई. व्हर्जिलला दूध-चीज पचत नाही, लगेच पोट धरून बसतो. मयत असलं तरच करते." त्या सफरचंद कुस्करत बोलत होत्या. "काल मी मागे कपडे वाळत घालत होते. हा कुंपणाकडून आला आणि म्हणाला, ओपल, तुझे बटाटे टाक, आपला गॅरेट गेला. रेडिओवर ऐकलं म्हणाला. किसता किसता बोट कापलं. मग ते होईस्तोवर तो जेवला."

"जेवला?"

"घेवडा आणि मक्याची भाकरी. मला म्हणाला, तू पण खा. मला कुठलं जातंय! मग भांडं गरम गरम मांडीवर घेतलं आणि..."

काकूंचा हात थांबला.

"काकू," विल्मा हळू म्हणाली, "डेल्फीने फोन केला एक वाजून गेल्यावर. त्याआधी रेडिओवर काहीच नव्हतं. आणि ॲम्ब्युलन्स तिथे पोचायला अर्धा तासही लागला नाही. तुम्ही तिच्या मागोमागच होतात."

वाटीतल्या सफरचंदावर चमचा उभाच्या उभा राहिला होता. ओपलकाकूंनी ओव्हनकडे पाहिलं. मग टेबलाशी जिथे नवरा बसतो त्या खुर्चीकडे पाहिलं.

"आणि डॉक्टर त्यांना दुखण्यावरच्या गोळ्या देत असतील ना?" विल्माला हे विचारताना स्वतःचीच किळस आली. "ते घेतात?"

"नाही," काकू म्हणाल्या. आवाज कुठून तरी लांबून आला. "म्हणतो पोट बांधतं त्यांनी. पण दर महिन्याला आणतो मात्र."

त्यांनी झग्यावरचा एक सफरचंदाचा थेंब पुसला. "मला कोर्टात घेऊन चल, पोरी. ते बाळ त्याच्याजवळ आहे."

६

कोर्टाच्या ओसरीत व्हर्जिलकाका बाकावर बसले होते. गुडघ्यावर हॅटी. ते तिला घोडा घोडा करत होते आणि ती खिदळत होती. येणारे-जाणारे थांबून गाल ओढून जात होते. समोरच्या बाकावर डेल्फी, हातात बेड्या. लेक दोन हातांच्या अंतरावर आणि घेता येत नाही.

विल्मा समोर उभी राहिली. शेरीफ मलिन्सही होता, कॉफीचा पेला घेऊन.

"व्हर्जिलकाका, रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच गोळ्या होत्या. घोड्याखालचं घर मोकळं. लोवेलने डेल्फीला सहा भरायला शिकवलं. गॅरेट बंदुकीला हात लावत नव्हता. रस्टी सहा भरतो. तुमच्या वडिलांनी तुम्हाला पाच भरायला शिकवलं."

"माझ्या वयाच्या प्रत्येकाच्या बापाने शिकवलं, बाई." त्यांनी हॅटीला उडवणं थांबवलं नाही. "अर्ध्या परगण्याला धरशील का?"

"नाही. अर्ध्या परगण्याला रिव्हॉल्व्हर कुठे आहे आणि गोळ्या कुठल्या खणात आहेत, हे माहीत नव्हतं. तुम्हाला होतं. तुम्हीच जागा सांगितल्या. पेटी तुम्हीच तिच्या हातातून काढून घेतलीत. आणि अर्ध्या परगण्यातल्या कुणीही, गॅरेट मेल्याचं कुणाला कळायच्या आधी, बायकोला बटाटे टाकायला सांगितले नाहीत."

गुडघा थांबला.

"रिकाम्या हाताने जाणं तुम्हाला जमलं नाही," विल्मा म्हणाली. "ज्याला वाढवलंत त्याच्या पाठीत गोळी घालणं जमलं. पण मयताच्या दारी भांड्याशिवाय उभं राहणं नाही जमलं. लोक काय म्हणतील! आणि ते शिजेपर्यंत तुम्ही पोटभर जेवलात."

"वेडी झालीस तू. ओपल, सांग तिला. मी रेडिओवर..."

ओपलकाकू पुढे आल्या. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी हॅटीच्या काखेत हात घातले, तिला त्याच्या गुडघ्यावरून उचललं आणि पदराला घाण लागू नये तसा झगा त्याच्यापासून आवरून घेत चार पावलं दूर गेल्या.

"एक वाजायच्या आत घरात रेडिओवर एकच गोष्ट चालली होती," त्या शेरीफला म्हणाल्या. "पलीकडच्या खोऱ्यात कुणाची तरी गाय रस्त्यावर आली होती. मी खिडकीतून ऐकत होते. तेवढंच."

व्हर्जिलकाका फार हळू, जणू काही समजावून सांगताहेत अशा आवाजात म्हणाले, "तो माझं नाव घेणार होता, ओपल. सगळ्या चर्चसमोर. मी त्याला किती समजावलं. घरात गोळ्यांच्या बाटल्या लपवून ठेवल्या होत्या त्याने, औषधवाल्याने माझं नाव घातलेल्या. शोधल्या तरी मिळाल्या नाहीत."

"म्हणून दार फोडलंत," विल्मा म्हणाली. "आणि मग घाबरलेल्या पोरीला बंदूक घेऊन दिलीत."

मलिन्सने कॉफीचा पेला खिडकीत ठेवला. काल त्याने दोनदा बटाटे वाढून घेतले होते. तो चुळबुळत म्हणाला, "एक कळत नाही, व्हर्जिल. मारायलाच गेला होतास, तर एक घर मोकळं कशाला ठेवलंस?"

म्हाताऱ्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "भरलेली बंदूक घेऊन घरात चालायचं," तो म्हणाला. "कुणाला लागलं बिगलं तर?"

त्याला खरंच तसं वाटत होतं.

मलिन्सच्या हाताला किल्ली सापडेना. शेवटी विल्मानेच डेल्फीच्या बेड्या काढल्या. ओपलकाकूंनी लेक आईच्या हातात दिली आणि तिथेच जमिनीवर बसल्या. डेल्फी भिंतीकडे तोंड करून बाकावर बसली, विल्माचं जाकीट पुढे ओढलं, आणि थोड्या वेळाने ओसरीत हॅटीच्या गिळण्याचा आवाज तेवढा ऐकू येऊ लागला.

७

त्या आठवड्यात लोवेलच्या दुकानापुढे बायकांची रांग लागली. स्लोनांच्या घरात खून झाला एवढंच त्यांना कळलं होतं, आणि तेवढं पुरेसं होतं.

विल्मा दुकानात शिरली तसं लोवेलने आवाज खाली केला. "खटला संपला की ते रिव्हॉल्व्हर सरकारी लिलावात येईल ना? जरा कळवा हं. चांगलं खपेल. एकच बार झालाय त्यातून."

विल्मा जे घ्यायला आली होती ते तिने घेतलं आणि निघाली.

डेल्फीच्या घरी मागचं दार अजून तसंच होतं, चौकटीपासून सुटलेलं, दोरीने बांधलेलं. ते दुरुस्त करायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सगळ्यांनी फक्त बंदूक कोणती घ्यायची ते सांगितलं होतं.

डायपरच्या खोक्याच्या तळाशी, दुहेरी पुठ्ठ्यात, व्हर्जिल स्लोनच्या नावाच्या औषधी गोळ्यांच्या तीन रिकाम्या बाटल्या डेल्फीला त्याच सकाळी मिळाल्या होत्या. ज्या खणातून त्याने बंदुकीच्या गोळ्या घेतल्या, त्याच खणात.

"शेजारचे म्हणतात, दुसरं एखादं रिव्हॉल्व्हर घे," डेल्फी म्हणाली. "एकटी आहेस आता. तुम्ही सांगा ना, ताई, कोणतं घेऊ? फार महाग नको."

विल्माने जाकीट काढलं. पिशवीतून एक जाड लोखंडी कडी, मूठभर लांब स्क्रू आणि पेचकस काढला आणि दाराशी गुडघे टेकून बसली. हॅटी रांगत आली, तिच्या मांडीला धरून उभी राहिली आणि तिची बाही तोंडात घालून चावू लागली.

"हिला जरा धर," विल्मा म्हणाली. "आणि तो दिवा इकडे कर."